धबधब्याचा ओटा

रविवार, ९ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. तू बरा असशील, वहिनीची पाठ आता दुखत नसेल, आणि पिल्लं अभ्यास सोडून बाकी सगळं मन लावून करत असतील, असं धरून चालते. आम्ही इकडे ठीक. चष्म्याचं दुकान चालू आहे, लोकांना अजून कमी दिसतंय ही देवाची कृपा. लेकीची नोकरी मार्गी लागली, तिकडेच खोली घेतली तिनं. अप्पा मजेत आहेत.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. अरे, फोन वाजला की तो अप्पांच्याच हातात जातो. मग तुमचं बाप-लेकाचं निवांत चालतं आणि माझ्यापर्यंत येतो तेव्हा तू "बरं, ठेवू का?" म्हणतोस. शिवाय ही गोष्ट चित्र काढून सांगायची आहे. तू इतकी वर्षं फरशीच्या गोदामात काढलीस, दगडातलं तुला कळतं, म्हणून तुलाच विचारते.

तर स्वयंपाकघराचं काम काढलंय. मधोमध एक मोठा ओटा येणार, चारी बाजूंनी मोकळा. त्याला आयलंड म्हणतात, म्हणजे बेट. हे म्हणाले, "बेट म्हटल्यावर आजूबाजूला पाणी नको का?" मी म्हटलं, "पाण्याचं काय घेऊन बसलात, धबधबा आहे." आणि खरंच आहे. वरचा दगड टोकाला येऊन थांबत नाही, काठावरून वळतो आणि सरळ खाली जमिनीला टेकतो. त्याला धबधबा काठ म्हणायचं. दगडातल्या रेषा वरून खाली अशा उतरल्या पाहिजेत की सांधा कुठे आहे ते शोधावं लागावं. खाली चित्र काढलंय. ट्रंकेसारखं दिसतंय, पण तू समजून घे.

हे करण्यालायक आहे का, एवढंच सांग.

दिसायला देखणं आहे, त्यात वाद नाही. वन्संनी त्यांच्याकडे केलंय. मागे आम्हाला जेवायला बोलावलं तर खुर्ची द्यायच्या आधी त्यांनी तो काठ दाखवला. "हात फिरवून बघ," म्हणाल्या. फिरवला. गार, गुळगुळीत, बोटाला काही लागत नाही. आणि मग अगदी मायेनं म्हणाल्या, "तुमच्याकडे नाही गं व्हायचं हे. तुमचं स्वयंपाकघर म्हणजे बोळ." बोळ म्हणाल्या, दादा. त्या दिवशी जेवायला काय होतं ते मला आठवत नाही, बोळ तेवढा आठवतो.

आता दुसरी बाजू. दगड जास्त लागतो. त्या टोकाला स्टूल सरकवता येत नाही, कारण पाय घालायला जागाच उरत नाही, उभा दगड आडवा येतो. कोपऱ्यावर भांडं आपटलं तर कपचा उडतो म्हणे. दगडवाला म्हणतो उडत नाही. इंटिरिअरवाली म्हणते उडतो, पण भरता येतो. हे म्हणतात, आपण भांडी आपटायचीच कशाला. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी माझी भांडी यांना ऐकू आलेली नाहीत असं दिसतंय.

अप्पांचं विचारशील तर ते अजून कंडक्टरच्या ड्युटीवरच आहेत. बोळात (बघ, मीही म्हणायला लागले) समोरासमोर आलो की त्यांचं "पुढे सरका, पुढे सरका" चालू. परवा फ्रिज उघडून मी विचार करत उभी होते, तर मागून आवाज, "बाई, पुढे सरका, मागच्यांना चढू द्या." मी म्हटलं, अप्पा, बस डेपोत जाऊन जमाना झाला. तर म्हणे, "बस गेली, गर्दी आहेच."

सकाळी त्यांच्या खिडकीशी सभा भरते. पेपरवाला असतो, आणि एक छत्रीवाले आजोबा. नाव कुणालाच माहीत नाही. ऊन असो, ढग असो, काही नसो, छत्री हातात. ते दोघं बाहेर रस्त्यावर उभे आणि अप्पा आत गज धरून उभे. मी चिडवते, "अप्पा, तुरुंगात भेटायला आल्यासारखे दिसतात हो." ते म्हणतात, "मग जामीन दे." गुडघे दुखायला लागले की सभा बरखास्त.

तर काठाचं लवकर कळव. दगड कापायच्या आधी सांगावं लागतं, एकदा कापला की कापला.

उत्तर घरी पाठवू नकोस, दुकानाच्या पत्त्यावर पाठव. घरी टपाल कुठे कुठे पडून राहतं.

अप्पा मजेत आहेत, वर लिहिलंच.

तुझी लाडकी,
बेबी

---

गुरुवार, २७ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार, आणि वहिनीला वेगळा नमस्कार.

तुझं उत्तर दुकानात मिळालं. मी तुला एवढं लांबलचक पत्र लिहिलं, चित्र काढलं, आणि तू दीड ओळीत मोकळा. "काठ छान दिसतो. पण त्या स्वयंपाकघरात आयलंड मावत नाही. जागा कुठून काढलीस?"

तुला फरशीचं माप डोळ्यांनी कळतं हे मी विसरले होते.

काढली. अप्पांच्या खोलीतून. स्वयंपाकघर आणि त्यांची खोली यांच्यामधली भिंत पाडायची की दोन्ही मिळून प्रशस्त होतं. इंटिरिअरवालीनं कागदावर ती भिंत खोडरबरानं पुसली तेव्हा मलाच मोकळा श्वास आला. आणि अप्पा उघड्यावर पडणार नाहीत, वर लेकीची खोली आहे. ऊन येतं, वारा येतो, न्हाणीघर शेजारीच. आपल्यापैकी कुणाला लहानपणी अशी खोली मिळाली होती?

हो, जिना आहे. दोन्ही बाजूंना कठडा लावून घेणार आहोत. दिवसातून एकदा उतरायचं, एकदा चढायचं. तेवढा व्यायाम बराच.

आणि हो, मी काय बोलले होते ते मला आठवतंय, तू आठवण करून द्यायला नको. आई गेल्यावर सगळे बसले होते, तू म्हणालास अप्पांना मी नेतो, आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, "दादा, तुझ्याकडे जागा कुठे आहे? माझ्याकडे जागा आहे." वहिनी कप उचलून आत निघून गेली. तेव्हापासून ती मला जागावाली म्हणते, हे तूच हसत हसत सांगितलंस. तर मग सांग तिला, जागावालीकडे जागा आहेच. फक्त वर आहे.

मी जबरदस्ती केलेली नाही. त्यांना विचारलं. "खुशाल घे," म्हणाले. हे त्यांचे शब्द आहेत, माझे नाहीत. उलट खूशच आहेत. पेपरवाल्याला सांगून झालं, छत्रीवाल्यांना सांगून झालं. मी दुकानात जायला निघाले की छत्रीवाले विचारतात, "ताई, ओट्याचं कुठवर आलं?" एवढा उत्साह तर मलाही नाही.

परवा दगडवाला माप घ्यायला आला. गंमत सांगते. अप्पा काठी टेकत आले आणि त्याला म्हणाले, "उंची गुडघ्याएवढी ठेवा. त्याच्या खाली नको, म्हाताऱ्या माणसाला उठता येत नाही." दगडवाला म्हणाला, "आजोबा, ओटा कमरेच्या वर असतो." अप्पा म्हणाले, "कमरेच्या वर? मग चढायला शिडी पण द्या." सगळे हसले. मीही हसले.

मग म्हणाले, "आणि कडा गोल करा. माझ्या मुलाचा दात पडला होता ओट्यावरून. समोरचाच." तुझा तो दात, दादा. किती वर्षांनी निघाला विषय.

दगडवाल्यानं टेप हातात धरून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "अप्पा, त्यांना त्यांचं काम करू द्या." मग अप्पा बाजूला झाले, आणि त्यानं जे माप घ्यायचं होतं ते घेतलं.

तो गेल्यावर हे म्हणाले, "अप्पांना नीट सांगितलंस ना तू?" मी म्हटलं, "सांगितलंय. त्यांचं आपलं चालूच असतं काहीतरी."

बाकी विशेष नाही. काठाचं मी ठरवलं, करायचा. एकदाच होतं, मनासारखं व्हावं. दोन्ही टोकांना नको, एकाच टोकाला, दारातून आत आल्यावर दिसतं त्या.

दुकानात गिऱ्हाईक आलंय, इथेच थांबते.

बेबी

---

शनिवार, २२ मार्च

दादा,

तुझं दुसरं पत्र मिळून बरेच दिवस झाले. ते पत्र तरी कसलं, एक ओळ. "अप्पांना कुठला ओटा वाटतोय?"

मी उत्तर दिलं नाही, कारण उत्तर मला माहीत होतं. दुकानात मी रोज बघते. माणसाला भिंतीवरच्या तक्त्यासमोर बसवलं की खालची ओळ दिसत नसते, तरी तो अंदाजानं वाचतो, लाज वाटते म्हणून. माझं उलटं झालं. मला स्वच्छ दिसत होतं आणि मी दिसत नाही म्हणत होते.

आता सांगते. मधे थांबलीस कशाला म्हणून विचारू नकोस, मी मधे मधे थांबणार आहे.

जानेवारीतली गोष्ट. अप्पा त्यांच्या खाटेवर बसून नखं कापत होते. मी दारात उभी राहिले आणि म्हटलं, "अप्पा, आम्ही आयलंड करायचं म्हणतोय." ते म्हणाले, "ते काय असतं?" मी म्हटलं, "ओटाच हो. मोठा ओटा. त्यासाठी ही भिंत पाडावी लागेल आणि तुम्हाला वरच्या खोलीत जावं लागेल." मला सोपं करून सांगायचं होतं, म्हणून ओटा म्हटलं. त्यात कावा नव्हता, एवढं तरी माझ्या बाजूनं लिहू दे.

पण तुला आठवतंय ना, आपल्या घरात स्वयंपाकाचा ओटा नव्हताच कधी. आईनं जन्मभर टेबलावर शेगडी ठेवून केलं. आपल्या घरात ओटा म्हणजे एकच, दारातला. अप्पा ड्युटीवरून येऊन तिथे बूट काढायचे. आल्यागेल्याला "टेका जरा" म्हणायचे. तुझा दात तिथलाच, माझे पाढे तिथलेच. आणि इथे राहायला आल्यावर, खिडकीत उभं राहून पाय भरून आले तेव्हा एकदा ते म्हणाले होते, "दारात एखादा ओटा असता तर चार माणसं टेकली असती गं." मी "बघू" म्हटलं होतं, पोराला म्हणतात तसं.

तर मी म्हटलं, ही भिंत. हात नक्की कुठे केला ते मला आठवत नाही. त्यांच्या मागे स्वयंपाकघराची भिंत होती आणि समोर रस्त्याकडची, खिडकीची. ते समोर बघत होते. नखं कापायचं थांबले. म्हणाले, "ओटा करतेस? मी आपलं एकदाच बोललो होतो. तू लक्षात ठेवलंस?"

दादा, त्यांचा चेहरा असा झाला होता की आई गेल्यापासून मी तो बघितला नव्हता.

मग म्हणाले, "खुशाल घे खोली. वर काय, झोपायलाच जायचं. दिवसभर ओट्यावरच असणार मी."

तेव्हा मला कळलं. नंतर नाही, हळूहळू नाही, त्याच क्षणी कळलं. एक वाक्य पुरलं असतं. अप्पा, तो ओटा नव्हे, स्वयंपाकाचा. पण ते वाक्य मी बोलले असते तर पुढे ते काय म्हणाले असते तेही मला माहीत होतं. आणि माझ्या डोळ्यांसमोर वन्संचा तो काठ होता. मी म्हटलं, "हो, अप्पा." आणि चहा टाकायला गेले.

त्यानंतर रोज संधी होती. ते पेपरवाल्याला सांगताना मी ऐकत होते. दगडवाल्याला गुडघ्याचं माप सांगताना मी समोर उभी होते. ती गंमत म्हणून मी तुला लिहिली, लाज कशी वाटली नाही मला. यांना तोंडावर खोटं सांगितलं. रोज वाटायचं, कळेल त्यांचं त्यांना, काम सुरू झालं की दिसेलच. म्हणजे सांगायचं काम मी गवंड्यांच्या हातोड्यावर सोपवून मूग गिळून बसले.

काम सुरू व्हायचं त्या सकाळी अप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातला. पेपरवाल्याला आणि छत्रीवाल्यांना बोलावून ठेवलं होतं. तिघं रस्त्यावर उभे, खिडकीच्या भिंतीकडे तोंड करून. छत्रीवाल्यांनी बर्फीचा पुडा आणला होता. अप्पा त्यांना हातानं दाखवत होते, इथून इथपर्यंत येईल, पलीकडे पायरी.

आत घाव पडायला लागले, पण ही भिंत हलेना. अप्पा काठी टेकत आत आले, धुळीत. गवंडी स्वयंपाकघराची भिंत फोडत होते. अप्पांनी काठी वर केली. "अहो थांबा, थांबा. चुकलात. ही नव्हे, ती. रस्त्याकडची." गवंडी थांबले. हे बाहेर आले. अप्पा माझ्याकडे वळून म्हणाले, "बेबी, सांग यांना. चुकीची भिंत पाडतायत."

पेपरवाला आणि छत्रीवाले दारात येऊन उभे राहिले होते. मी म्हटलं, "हीच आहे, अप्पा. ओटा स्वयंपाकाचा आहे."

ते माझ्याकडे बघत राहिले. तेवढ्यात त्यांना सगळं कळलं असावं, कारण त्यांनी माझ्यावरची नजर आधी काढली. जणू माझ्याकडे बघणं मला जड जाईल म्हणून. मग दाराकडे वळून हसले आणि म्हणाले, "अरे हां हां. स्वयंपाकाचा. हिनं सांगितलं होतं मला. माझंच डोकं, म्हातारपण दुसरं काय." आणि हात वर केला, बसमध्ये करायचे तसा. "चला, पुढे सरका, पुढे सरका. त्यांना काम करू द्या."

मी त्यांना सांगितलं नव्हतं, दादा. ते माझ्यासाठी खोटं बोलले, त्यांच्या दोस्तांसमोर, आणि स्वतःला म्हातारचळ लागल्याचं दाखवून बोलले. छत्रीवाल्यांनी बर्फीचा पुडा माझ्या हातात दिला. म्हणाले, "अभिनंदन, ताई." त्यांनी साधेपणानंच दिला असेल. तो मी अजून उघडलेला नाही आणि टाकलाही नाही.

यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. त्या दिवशी ते उभ्या उभ्याच जेवले.

तेव्हाच काम थांबवायला हवं होतं ना? नाही थांबवलं. वाटलं, धूळ तर झालीच आहे. आता थांबवून काय उपयोग. अप्पा त्याच दुपारी वर गेले. कठडे अजून लागले नव्हते, यांनी त्यांना धरून नेलं. मी मागून त्यांची उशी आणि रेडिओ घेऊन गेले. माफी मागायची म्हणूनच गेले होते. तर तेच म्हणाले, "इथून वळणावरची बस दिसते. छान आहे." मी म्हटलं, "हो, ऊनही येतं." आणि खाली आले.

त्यानंतर ते खाली आले नाहीत. गुडघे दुखतात म्हणाले. जेवण वर.

मग एके सकाळी मी दुकानाला निघाले होते तर छत्रीवाले खिडकीशी उभे. आत सिमेंटच्या गोण्या आणि विटांचा ढीग. मला म्हणाले, "आजारी आहेत का ते?" मी म्हटलं, "नाही, वर असतात आता." त्यांनी मान वर केली. वरून अप्पांनी हात केला. छत्रीवाल्यांनी छत्री वर केली. अप्पा काहीतरी म्हणाले, छत्रीवाल्यांनी कानाला हात लावला. अप्पा पुन्हा म्हणाले. रस्त्यावरून गाड्या जात होत्या, काही ऐकू येईना. दोन म्हातारी माणसं थोडा वेळ नुसती एकमेकांकडे बघत राहिली. मग छत्रीवाले निघून गेले. जाताना मला म्हणाले, "बरे दिसले."

मी दुकानात गेले, शटर अर्धंच वर केलं आणि आत स्टुलावर बसून पोटभर रडले. मग दगडवाल्याला फोन लावला. म्हटलं, आयलंड नको. तो म्हणाला, "ताई, तुमचा धबधबा कापून तयार आहे." मी म्हटलं, "मोठा दगड राहू दे तुमच्याकडे, त्याच्या पैशांचं हे बघतील. धबधब्याचा उभा तुकडा तेवढा घेऊन या. कडा गोल करून." घरी येऊन यांना जानेवारीपासूनचं सगळं सांगितलं. यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे मला आधी सांगायला हवं होतंस. त्याहून आधी अप्पांना." मग उठून गवंड्याला फोन लावायला गेले.

भिंत पुन्हा चढते आहे. ओली आहे अजून, खोली राहण्याजोगी व्हायला वेळ लागेल. वन्सं येऊन बघून गेल्या. "बोळ तो बोळच राहिला," म्हणाल्या. मी म्हटलं, "हो."

आणि दारात, खिडकीखाली, विटांच्या चौथऱ्यावर तो धबधब्याचा तुकडा आडवा बसवलाय. उंची गुडघ्याएवढी. देखणा दगड आहे, रेषा छान आल्यात. आठवडा झाला पूर्ण होऊन. त्याच दिवशी मी वर जाऊन म्हटलं, "अप्पा, खाली येता का जरा?" ते दोन्ही कठडे धरून एकेक पायरी उतरले. दारात उभे राहून त्यांनी ओटा बघितला, दगडावरून काठीचं टोक फिरवलं.

म्हणाले, "छान झालाय. हा कुणासाठी?"

टोमणा नव्हता, दादा. टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं. ते खरंच विचारत होते. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "नीट विचारून घेतलेलं बरं. मागे माझा गोंधळ झाला होता."

मी म्हटलं, "तुमच्यासाठी, अप्पा. आणि गोंधळ तुमचा नव्हता. मला तेव्हाच कळलं होतं." शेवटी बोलले मी. रस्त्यात, उंबऱ्यात, चपला न घालता. त्यांनी दगडावरून काठी उचलली. मग म्हणाले, "गॅलरीत टॉवेल वाळत घातलाय, उडून जाईल," आणि वळले. मी हात धरायला गेले तर म्हणाले, "जमतं मला." वर जाताना प्रत्येक पायरीवर त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

अजून ते त्यावर बसलेले नाहीत. पेपरवाला टेकतो. छत्रीवाले टेकतात आणि मधूनमधून वर बघतात.

तू ये. मला रागवायला ये, मी ऐकून घेईन. तू बोलावलंस तर ते खाली येतील, तुझ्या त्या पडलेल्या दाताची गोष्ट सांगायला तरी येतील. वहिनीलाही घेऊन ये. तुझ्याकडे जागा कुठे आहे म्हणून मी सगळ्यांसमोर विचारलं होतं, आता तिच्यासमोर मला सांगायचंय की तुमच्या त्या दोन खोल्यांत अप्पांना जागा होती. त्यांना तुझ्याबरोबर यायचं असेल तर मी आडवी येणार नाही. त्यांनाच विचार. पण नीट विचार, कुठली भिंत, कुठला ओटा, हात लावून दाखव.

काठ करण्यालायक आहे का, हे मी तुला विचारलं होतं. त्याचं उत्तर आता देऊ नकोस.

रोज सकाळी दुकानाला जायच्या आधी मी तिथे थोडा वेळ बसते. एका टोकाला सरकून. बाकीचा ओटा मोकळा असतो.

तुझी,
जागावाली